पशुवैद्यकाचा हात कोठे घडतो

भारतात पशुवैद्यक शास्त्राची पदवी साडेपाच वर्षांची असते. त्यातील साडेचार वर्षे वर्ग, प्रयोगशाळा, पशुधन प्रक्षेत्र आणि महाविद्यालयाचे चिकित्सालय यांत जातात, आणि उरलेले एक वर्ष आंतरवासितेचे, म्हणजे अनुभवी पशुवैद्यकांच्या देखरेखीखाली प्रत्यक्ष रुग्ण हाताळण्याचे असते. भारतीय पशुवैद्यक परिषदेच्या 2016 च्या किमान शैक्षणिक मानकांनी ही चौकट देशभरासाठी घालून दिली असून, महाराष्ट्रात ती महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाच्या मुंबई, नागपूर, परभणी, उदगीर, शिरवळ आदी ठिकाणच्या महाविद्यालयांतून राबवली जाते. ‘नीट’ परीक्षेच्या गुणांवर प्रवेश मिळवून येथे आलेल्या विद्यार्थ्यांपैकी अनेकजण शहरात वाढलेले असतात आणि गाईच्या अंगाला त्यांचा हात पहिल्यांदा लागतो तो महाविद्यालयातच. शरीररचना, औषधशास्त्र आणि विकृतिशास्त्र हे विषय ग्रंथांतून व व्याख्यानांतून चांगले शिकता येतात. परंतु बुजलेले जनावर धरणे, त्याला इजा न होता खाली पाडणे, चिंतेत असलेल्या मालकाकडून आजाराची नेमकी हकीकत काढून घेणे आणि हाताशी असलेल्या तुटपुंज्या साधनांत निर्णय घेणे या गोष्टी वेळापत्रकातल्या तासांत पुरेशा बसत नाहीत. ती उणीव भरून निघते ती सुट्ट्यांत आणि आंतरवासितेच्या काळात, बहुतेकदा मोबदल्याविना केलेल्या कामातून.

हा मुद्दा किती खरा आहे हे गाईच्या गर्भतपासणीच्या उदाहरणावरून स्पष्ट होते. या तपासणीत खांद्यापर्यंत येणारा प्लास्टिकचा हातमोजा चढवून, त्याला वंगण लावून, हात गुदमार्गे आत घातला जातो, शेण बाहेर काढले जाते आणि आतड्याच्या भिंतीतून खालचे गर्भाशय बोटांनी चाचपले जाते. ओटीपोटाच्या तळाशी प्रथम कठीण, नळीच्या आकाराची ग्रीवा लागते. तिच्या पुढे गर्भाशयाची दोन शिंगे सुटतात, आणि गाय गाभण असेल तर त्यांपैकी एक शिंग दुसऱ्यापेक्षा फुगलेले, पातळ भिंतीचे आणि आत द्रव हलणारे जाणवते. गर्भ दीड-दोन महिन्यांचा असताना शिंगाची भिंत चिमटीत हलकेच उचलली, तर आतले गर्भावरण बोटांतून निसटते. हे निसटणे एकदा कळले की निदान पक्के होते, मात्र ते कळेपर्यंत नवशिक्याला बोटांखाली काय आहे हेच उमगत नाही, आणि जास्त दाब पडला तर गर्भाला धोका पोचतो. डोळ्यांना काहीही न दिसता, केवळ स्पर्शावर चालणारे हे कौशल्य पुष्कळ गाई तपासल्याशिवाय येत नाही. महाविद्यालयात गाई मोजक्या आणि विद्यार्थी अनेक असतात, शिवाय एकाच गाईची दिवसातून किती वेळा तपासणी करावी यालाही मर्यादा असते, कारण प्रत्येक तपासणी तिला त्रासदायक असते. खेड्यात भरणाऱ्या वंध्यत्व निवारण शिबिरात याच्या उलट स्थिती असते: वारंवार माजावर येऊनही न ठरणाऱ्या, किंवा व्याल्यानंतर माजच न दाखवणाऱ्या गाई-म्हशी एका सकाळी रांगेने उभ्या असतात, प्रत्येकीची अडचण निराळी असते, आणि ज्येष्ठ पशुवैद्यकाने आधी तपासलेल्या गाईत विद्यार्थ्याने हात घातला की आपले निदान बरोबर की चूक हे त्याला तिथल्या तिथे समजते.

कृत्रिम रेतनाचे कौशल्यही याच स्पर्शज्ञानावर उभे असते. उणे 196 अंश सेल्सिअसच्या द्रवरूप नत्रात साठवलेली रेतमात्रा 37 अंशांच्या पाण्यात सुमारे अर्धा मिनिट धरून वितळवायची, आणि गुदमार्गे ग्रीवा पकडून रेतनाची नळी तिच्या वळणांतून पुढे सरकवायची, हे वाचायला सोपे असले तरी ग्रीवेच्या तिसऱ्या वळणाशी बहुतेकांचा हात अडतो. मणिभाई देसाई यांनी 1967 मध्ये उरुळीकांचन येथे स्थापन केलेल्या ‘बाएफ’ या संस्थेने शेतकऱ्याच्या दारी जाऊन रेतन करण्याची पद्धत रुजवली; अशा केंद्राच्या तंत्रज्ञाबरोबर काही दिवस फिरणाऱ्या विद्यार्थ्याला रेतनाच्या जोडीने आणखी एक गोष्ट कळते, ती अशी की सकाळी माजावर दिसलेली गाय संध्याकाळी भरवावी हा पुस्तकातला नियम पाळला जाणे हे माज वेळेवर ओळखणाऱ्या घरच्या बाईच्या नजरेवर अवलंबून असते, आणि म्हणून सल्ला द्यायचा तो तिला.

येथे कायद्याची मर्यादा सांगणे आवश्यक आहे. भारतीय पशुवैद्यक परिषद अधिनियम, 1984 नुसार पशुवैद्यकीय व्यवसाय करण्याचा आणि जनावराच्या आरोग्याचे किंवा मृत्यूचे प्रमाणपत्र देण्याचा अधिकार नोंदणीकृत पशुवैद्यकालाच असतो. विद्यार्थी कितीही हुशार असला तरी तो स्वतंत्रपणे उपचार करू शकत नाही, विमा दाव्यासाठी लागणाऱ्या शवविच्छेदन अहवालावर सही करू शकत नाही, आणि ओळखीच्या शेतकऱ्याला फोनवर प्रतिजैविकाचे नाव सांगणेही त्याच्या अधिकारात येत नाही. खेडोपाडी डॉक्टरांची टंचाई असल्याने अंतिम वर्षाच्या विद्यार्थ्याकडे लोक आशेने पाहतात आणि त्याला नाही म्हणणे जड जाते, हे खरे आहे. तरीही स्वयंसेवेची पहिली अट हीच की शेजारी जबाबदार पशुवैद्यक उभा असावा. ही अट जनावराचे रक्षण करते आणि शिकणाऱ्याचेही.

सेवा आणि शिक्षण यांची ही सांगड महाराष्ट्रात नवी नाही. मुंबईच्या परळ भागात 1886 मध्ये पशुवैद्यक महाविद्यालय सुरू झाले तेव्हा त्याचा आधार होता तो शेजारच्या बाई साकरबाई दिनशॉ पेटिट रुग्णालयाचा. प्राण्यांवरील क्रौर्याला आळा घालण्यासाठी स्थापन झालेल्या मंडळीच्या प्रयत्नांतून आणि पारशी दानशूरांच्या पैशातून उभ्या राहिलेल्या या रुग्णालयात गाडीचे बैल, टांग्याचे घोडे आणि बेवारस जनावरे उपचारासाठी येत, आणि त्यांच्यावरच विद्यार्थ्यांच्या अनेक पिढ्या शिकल्या. म्हणजे धर्मादाय रुग्णालय हेच प्रशिक्षणाचे स्थळ ही कल्पना पशुवैद्यक शिक्षणाच्या मुळाशीच आहे.

आज अशा प्रशिक्षणाचे सर्वांत सुसंघटित रूप भटक्या कुत्र्यांच्या निर्बीजीकरणात दिसते. प्राणी जन्म नियंत्रण नियम प्रथम 2001 मध्ये आले आणि 2023 मध्ये त्यांची जागा नव्या नियमांनी घेतली. त्यांनुसार कुत्रे पकडून, शस्त्रक्रिया करून, रेबीजची लस टोचून, कानाला खूणचिरा देऊन ते जिथून आणले तिथेच सोडायचे असते. शहरांतील अशा केंद्रांवर शस्त्रक्रियांची संख्या मोठी असते आणि म्हणून शिकण्याची संधीही मोठी असते. मादीच्या शस्त्रक्रियेत लहानशा छेदातून अंडाशय बाहेर ओढताना त्याला धरून ठेवणारा अस्थिबंध सावकाश सैल करावा लागतो आणि मग रक्तवाहिनीवर गाठ बसवावी लागते. ती गाठ सैल राहिली तर पोट शिवून झाल्यावर आत रक्तस्राव सुरू राहतो आणि तो बाहेर दिसतही नाही. एवढ्यासाठीच चांगल्या केंद्रात विद्यार्थ्याला पहिल्या दिवशी चाकू दिला जात नाही: आधी भूल देणे, श्वास व तापमान यांवर लक्ष ठेवणे, शस्त्रक्रियेची जागा निर्जंतुक करणे, मग नराची शस्त्रक्रिया आणि शेवटी मादीची, असा क्रम असतो. ब्रिटनमधील ‘वर्ल्डवाइड व्हेटरिनरी सर्व्हिस’ या संस्थेने तमिळनाडूत उटीजवळ आणि गोव्यात प्रशिक्षण केंद्रे चालवून हीच पद्धत घालून दिली आणि तेथे भारतातील तसेच परदेशांतील पशुवैद्यक व विद्यार्थी शिकून गेले. केंद्र पारखायची खूण शस्त्रक्रियेच्या टेबलावर सापडत नाही. शस्त्रक्रियेनंतरच्या पिंजऱ्यांत पाणी, कोरडी जमीन आणि वेदनाशामकाची नोंद आहे की नाही, यावरून तेथे जनावराची किंमत काय आहे हे ताबडतोब कळते.

गोव्याचे नाव या संदर्भात आणखी एका कारणासाठी घ्यावे लागते. जगात रेबीजने होणाऱ्या मानवी मृत्यूंपैकी सुमारे एक तृतीयांश मृत्यू भारतात होतात असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे, आणि त्यांतील बहुतेक कुत्र्याच्या चाव्यातून होतात. एखाद्या भागातील किमान 70 टक्के कुत्र्यांना लस मिळाली तर विषाणूची साखळी तुटते, या तत्त्वावर ‘मिशन रेबीज’ या प्रकल्पाने गोवा सरकारबरोबर गावोगाव मोहीम राबवली. जाळी घेऊन फिरणारे गट भटकी कुत्री अलगद पकडत, लस टोचून अंगावर रंगाची खूण करत, प्रत्येक नोंद मोबाइलवर त्या जागेसह टिपत, आणि दुसरा गट शाळांतून मुलांना चावा लागल्यास जखम साबणाने भरपूर धुवून तातडीने दवाखाना गाठण्यास शिकवत असे. 2021 मध्ये गोवा सरकारने राज्य रेबीज नियंत्रित क्षेत्र म्हणून घोषित केले. अशा मोहिमेत भाग घेणारा विद्यार्थी एखाद्या कुत्र्याचा डॉक्टर राहत नाही. लस दोन ते आठ अंश तापमानात टिकवणे, कुत्र्यांची मोजणी, वस्तीनिहाय नकाशा आणि लोकांचा विश्वास या सगळ्यांच्या जुळणीतून रोग कसा मागे हटतो हे तो पाहतो. सार्वजनिक आरोग्याचा यापेक्षा मोलाचा धडा पदवीच्या काळात दुसरीकडे क्वचितच मिळतो.

मात्र कुत्री, मांजरे आणि वन्यप्राणी यांच्याकडे स्वयंसेवेचा सगळा ओघ जाणे हे महाराष्ट्राच्या दृष्टीने चिंतेचे आहे. 2019 च्या विसाव्या पशुगणनेत देशातील पशुधन सुमारे 53 कोटी 57 लाख होते, आणि महाराष्ट्रात ते तीन कोटींच्या वर होते. कोरडवाहू भागातल्या कुटुंबाला पाऊस हुकला तरी तारते ते दावणीचे जनावर. त्या जनावराजवळ जाणारा विद्यार्थी मात्र कमी आढळतो.

धनगरांचा वाडा हे त्या दृष्टीने दुर्लक्षित विद्यापीठच म्हणावे लागेल. दिवाळीनंतर पुणे, सातारा, सांगली या पट्ट्यातले मेंढपाळ कळप घेऊन कोकणाच्या दिशेने उतरतात, वाटेत शेतकऱ्यांच्या रानात खतासाठी मेंढरे बसवतात आणि पावसाळ्याच्या तोंडावर परततात. या प्रवासात मेंढ्यांना पायाच्या खुरीत सडणारी जखम होते, ओलसर भागातल्या गोगलगायींमुळे यकृतात चपटे कृमी शिरतात आणि रक्त शोषणाऱ्या जठरकृमींमुळे जबड्याखाली पाणी उतरते. मेंढीची खालची पापणी अंगठ्याने ओढून आतल्या त्वचेचा रंग पाच छटांच्या तक्त्याशी ताडून पाहणे ही दक्षिण आफ्रिकेत विकसित झालेली साधी पद्धत येथे उपयोगी पडते: लालबुंद पापणीच्या मेंढीला औषधाची गरज नसते, पांढुरक्या पापणीच्या मेंढीला तातडीने असते, आणि सरसकट सर्वांना औषध न पाजल्याने कृमींत औषधाला दाद न देण्याची शक्ती लवकर येत नाही. कळपातल्या शंभर पापण्या एका दुपारी पाहणारा विद्यार्थी रक्तक्षयाचे मोल कायमचे शिकतो. त्याच दुपारी म्हाताऱ्या मेंढपाळाकडून कोणती मेंढी मागे पडते, कोणती कान पाडते आणि कोणती रवंथ सोडते हे ओळखायलाही तो शिकू शकतो, परंतु त्यासाठी उपदेश बाजूला ठेवून ऐकण्याची तयारी हवी. महिला पशुवैद्यकांनी उभारलेल्या पुण्याच्या ‘अंतरा’ या संस्थेने पशुपालक स्त्रिया आणि मेंढपाळ यांच्या पारंपरिक ज्ञानाची दखल घेण्याचे काम याच भूमिकेतून केले. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने सुंदरबनातील गरोळ जातीच्या मेंढीतील जुळी देण्याचा गुण दख्खनी मेंढीत आणला, तेव्हाही जुळ्यांना पुरेल एवढे दूध आणि चारा मेंढपाळाकडे आहे का, हा प्रश्न प्रयोगशाळेइतकाच कळपात सोडवावा लागला.

साखर कारखान्यांच्या हंगामात, म्हणजे दिवाळीच्या सुमारास सुरू होऊन उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत, ऊसतोडणी कामगारांच्या तळांवर बैलांची अशीच गर्दी असते. जूने घासून होणारी खांदेसूज, डांबरी रस्त्यावर झिजलेली पत्री, वेसणीची चिघळलेली जखम आणि शिंगाचा कर्करोग हे तेथील नेहमीचे आजार होत. सांगली, सोलापूर भागात ‘अ‍ॅनिमल राहत’ ही संस्था या बैलांसाठी काम करते. खांदेसुजेवर मलम लावणे सोपे असते. परंतु बैलाला आठ दिवस विश्रांती द्या असे सांगताना, उचल घेऊन आलेल्या कुटुंबाची त्या आठ दिवसांची मजुरी बुडते हे ज्याला दिसत नाही त्याचा सल्ला कोणी पाळत नाही. जूला गादी लावणे, ओझे कमी करणे, दोन्ही बैलांची उंची जुळवणे असे आचरणात येण्याजोगे उपाय सुचण्यासाठी तळावर राहिलेलेच असावे लागते.

वन्यप्राण्यांबाबत थोडक्यात एवढे सांगता येईल की जुन्नरजवळच्या माणिकडोह येथील बिबट निवारा केंद्र किंवा नागपूरचे गोरेवाडा येथील वन्यजीव संशोधन व प्रशिक्षण केंद्र यांसारख्या ठिकाणी विद्यार्थ्यांना शिकण्यासारखे पुष्कळ असले, तरी वन्यजीव संरक्षण अधिनियम, 1972 मुळे तेथे वन विभागाच्या परवानगीविना काहीही करता येत नाही, आणि बहुतेक काम निरीक्षण, आहार, स्वच्छता व नोंदी यांचेच असते. ज्या केंद्रात पैसे भरून बछड्याला मांडीवर घेता येते तेथे विद्यार्थ्याने पाऊल ठेवू नये, कारण माणसाला सरावलेले पिल्लू पुन्हा जंगलात सोडता येत नाही. त्यापेक्षा औंधच्या रोग अन्वेषण विभागात महिनाभर नमुने तपासणे, किंवा कत्तलखान्यात मांस तपासणाऱ्या पशुवैद्यकाबरोबर उभे राहणे अधिक शिकवते. एका पहाटे जेवढी क्षयाची, कृमींची आणि यकृतरोगाची लक्षणे तेथे दिसतात तेवढी चिकित्सालयात वर्षभरात दिसत नाहीत.

साथ ही तर सर्वांत कठीण परीक्षा. 2022 मध्ये लम्पी त्वचारोग महाराष्ट्रात पसरला तेव्हा पशुसंवर्धन विभागाचे मनुष्यबळ अपुरे पडले आणि आंतरवासितेतील विद्यार्थी लसीकरणासाठी गोठ्यांवर गेले. देवीच्या रोगावरील शेळ्यांची लस गाईंना टोचण्याची ती मोहीम होती. बाधित गोठ्यातून निरोगी गोठ्यात जाताना सुई बदलणे, कपडे व चपला निर्जंतुक करणे, आणि कानातल्या बारा अंकी बिल्ल्याचा क्रमांक नोंदवणे या साध्या शिस्तींवर मोहिमेचे यश टिकून होते. गाठींनी भरलेल्या गाईजवळ हतबल बसलेल्या शेतकऱ्याला काय सांगायचे, हे मात्र कोणत्याच परिपत्रकात नव्हते आणि ते त्या मुलामुलींनी स्वतः शोधले. त्यांच्या या कामाची दखल पुरेशी घेतली गेली नाही, असे म्हणावेसे वाटते.

अशा कामाला निघण्यापूर्वी स्वतःची सुरक्षितता पाहणे ही भित्रेपणाची गोष्ट नव्हे. रेबीजची प्रतिबंधक लस प्रत्येक विद्यार्थ्याने पहिल्याच वर्षी घ्यावी आणि चावा लागल्यावरही पुढील मात्रा टाळू नयेत. वार अडकलेल्या किंवा गर्भपात झालेल्या गाईत उघडा हात घालणे म्हणजे ब्रुसेलोसिस या दीर्घकाळ ताप व सांधेदुखी देणाऱ्या रोगाला आमंत्रण होय. चार ते आठ महिन्यांच्या कालवडींना टोचायची ब्रुसेलाची जिवंत लस चुकून स्वतःच्या बोटात शिरली तरी तो रोग होऊ शकतो. अचानक मेलेल्या जनावराच्या नाकातोंडातून न गोठणारे काळपट रक्त येत असेल तर शव अजिबात फाडू नये, कारण ती काळपुळी असू शकते आणि तिचे जंतू हवा लागताच वर्षानुवर्षे टिकणारे बीजाणू बनतात. शिकण्याच्या उत्साहात शवविच्छेदनाची संधी सोडवत नाही, आणि नेमका तोच मोह येथे आवरायचा असतो.

या साऱ्या संधी मिळवण्याचे मार्ग आज विस्कळीत आहेत. राष्ट्रीय सेवा योजनेत वर्षाला 120 तासांचे काम आणि सात दिवसांचे निवासी शिबिर असते. पशुवैद्यक महाविद्यालयांनी हे तास ग्रामसफाईऐवजी जंतनिर्मूलन, कासदाह तपासणी आणि गोठा पाहणी यांकडे वळवले तर गाव आणि विद्यार्थी दोघांचेही भले होईल. उन्हाळी सुट्टीत मेंढपाळ परतीच्या वाटेवर असतात आणि पावसाळ्यापूर्वीच्या आंत्रविषार, घटसर्प व फऱ्या यांच्या लसी टोचण्याची वेळ तेव्हाच असते, म्हणजे वेळापत्रक आपोआप जुळून येते. कमी असते ती पशुधन विकास अधिकाऱ्याकडे विद्यार्थ्याला पाठवणारी महाविद्यालयाची चिठ्ठी, राहण्या-जेवणाची सोय आणि दुचाकीच्या पेट्रोलचा खर्च. विनामोबदला सेवा ही ज्यांच्या घरून पैसे येतात त्यांनाच परवडते आणि शेतकऱ्याच्या मुलाला सुट्टीत घरच्या रानात राबावे लागते, ही विषमता दूर करायची तर विद्यापीठाने या कामासाठी छोटे विद्यावेतन द्यावे, केलेल्या कामाची नोंदवही प्रमाणित करावी आणि तिला अंतर्गत गुणांत स्थान द्यावे.